तांबडा दोरा, काळा दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. देवापुढं उभा राहिलो तेव्हाही नाही — तिथं दुसरंच काहीतरी मागायचो आणि प्रसाद घेऊन परत यायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पावणं म्हणून दारात आलात, मी बसा म्हटलं, आणि बोलत सुटलो, असं समजा.

मी सातवी शिकलेला माणूस. शिरोलीत लेथवर जन्म गेला. लिहायची सवय नाही. हात लोखंडाला सरावलेला आहे, पेनाला नाही, तेव्हा वेडंवाकडं झालं तर होऊ दे. शालन — माझी बायको — जाऊन वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धाला पावणेरावळे जेवून गेले. घरात तिचं शिलाई मशीन राहिलं, त्याच्यावर तिनंच झाकलेलं फडकं अजून तसंच आहे. तिच्याबद्दल चांगलं बोलायला मला कुणी अडवलेलं नाही. बोलतोच की मी, दिवसभर, ऐकणारा असो नसो. पण बोलता बोलता एका जागी येऊन थांबतो. दरवेळी तीच जागा. आज त्या जागेच्या पुढं जायचं म्हणतोय.

गोष्ट एका रायफलीची आहे. घाबरू नका, कुणाला गोळी लागली नाही.

आमची लेक दीपा नेमबाजी करायची. कोल्हापुरात आता हे नवं नाही, गल्लीत एखादी तरी पोरगी रायफल खांद्याला लावून जाताना दिसते. पण आमच्या घरात नवं होतं. आई ब्लाउज शिवणारी, बाप लेथवरचा टर्नर, आणि पोरगी म्हणते मला पन्नास मीटरवर मारायचंय. रेंजवरच्या रायफलीवर तिनं दोन वर्षं काढली. एक रायफल आणि पाच पोरी. ही उंच, ती बुटकी, प्रत्येकीनं आपल्यापुरता दस्ता वरखाली करायचा, दुसरीनं येऊन तो बिघडवायचा. तिथले सर म्हणाले, हिला स्वतःची पाहिजे. परवान्याला हेलपाटे घातले, दीपाच्या नावाचा परवाना आला. आता प्रश्न — कुठली घ्यायची?

कोरी करकरीत आमच्या आवाक्यात नव्हती. रेंजवरच्याच दोघांना आपापली विकायची होती. पॉइंट टू टूची, बारीक गोळीची, दोन्ही. एक जुनी, पन्हाळ्याकडच्या एका निवृत्त मास्तरांची. लाकडी दस्ता, त्याला एका जागी चीर गेलेली आणि लांबी भरून बुजवलेली, रंग उडालेला. दुसरी दोनच वर्षं वापरलेली, अॅल्युमिनियमचा निळा दस्ता, जिथं हात लावाल तिथं स्क्रू, जिथं फिरवाल तिथं फिरते. मालक एक तरणा गडी, घरचा चांगला. तिची किंमत जुनीच्या दुप्पट.

मी दोन्ही नळ्या उजेडाकडं धरून आत बघितलं. रेंजवर दहाबारा माणसं उभी होती. मास्तर होते, तो गडी होता. मी म्हणालो, "जुनीची नळी गंजानं खाल्लेली हाय. डोळं झाकून नवी घ्या." तो तरणा गडी हसून म्हणाला, "आप्पांचा डोळा म्हंजे मायक्रोमीटर हाय की."  मास्तरांनी आपली रायफल उचलली, कापडानं पुसली आणि पेटीत ठेवली.

मायक्रोमीटर. तो शब्द मी घरापर्यंत घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी शिरोलीत कारखान्यावर सगळ्या शॉपला सांगितला.

खरं काय होतं? जुनीची नळी खाल्लेली नव्हती. तेलाचा डाग होता, उजेडात तसा दिसला. आणि गंमत बघा — मी हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला एकच गोष्ट शिकवत आलो, की डोळ्यावर भरवसा ठेवू नको, व्हर्नियर लाव. डोळा माणसाला पाहिजे तेच दाखवतो, लोखंड काय आहे ते व्हर्नियर दाखवतं. हे मीच शिकवायचो. शालनलाही मीच व्हर्नियर वाचायला शिकवलं होतं, लग्नानंतर, सहज म्हणून, एका दुपारी चहा उकळेपर्यंत. ती चौथी पास. एकदाच दाखवलं, पुन्हा विचारलं नाही तिनं.

मी घरी येऊन नवी नवी करायला लागलो तेव्हा ती मशीनवरनं उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "अवं, रायफल फोटो काढाय घ्यायचीया का मारायला? मोजूया की."

कसं मोजायचं, तेही तिनंच काढलं. माणूस बदलला की हात बदलतो, म्हणून दोन्ही रायफली सरांनीच मारायच्या. वाळूच्या पिशवीवर टेकवून, म्हणजे हाताचा दोष नको. काडतुसं एकाच खोक्यातली, कारण पॉइंट टू टूची नळी मोठी नखऱ्याची असते, एका खोक्याचं काडतूस तिला मानवतं आणि दुसऱ्याचं मानवत नाही. हे दीपानं एकदा जेवताना सांगितलं होतं, शालनच्या ध्यानात राहिलं, माझ्या नाही. प्रत्येक रायफलीची पाच कार्डं, एका कार्डावर दहा गोळ्या. मग घरी आणून व्हर्नियरनं मोजायचं. आणि म्हणाली, "लई लांबचं भोक तेवढं मोजून काय कळतंय? एखादी गोळी कुनाचीबी भरकटंल. बाकीची नऊ कुठं बसल्यात, ते बघाय पायजे." — अहो, चौथी पास बाई. पुढं दीपाच्या शिबिरात कुणीतरी मोठा माणूस येऊन हेच सांगून गेला, तेव्हा फळा लागला होता त्याला.

आणि तिचा हिशेब साधा होता. जुनी चांगली निघाली तर अर्धे पैसे वाचतात, त्या पैशात पोरगीला वर्षभराची चांगली काडतुसं. रायफल एकदाच घ्यायची असते, मारायला मात्र रोज लागतं.

कार्डं मिसळू नयेत म्हणून तिनं मला दोन दोऱ्याचे तुकडे दिले, मशीनच्या रिळाचे. नवीची कार्डं तांबड्या दोऱ्यात बांधा, जुनीची काळ्यात. पेन्सिल पुसली जाती, म्हणाली, दोरा पुसत न्हाय.

दीपाची त्या दिवशी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. शालनकडं लग्नाच्या ब्लाउजांची घाई. मी एकटाच गेलो. सरांनी मारलं. एकेक कार्ड माझ्या हातात देत गेले. शेवटी एवढंच म्हणाले, "दोन्ही मालक आपलेच आहेत, मी कुणाची बाजू घेत नाही. घरी मोजा. कार्डं बोलतील."

ती तिथंच बोलत होती, पावणं. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. जुनीच्या कार्डांवर दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक पडलेलं, शर्टाच्या बटणाएवढं, कडा कुरतडल्यासारख्या. पाचही कार्डं तशीच. आणि निळ्या दस्त्याच्या रायफलीनं — सहासात गोळ्या एकीकडं, दोनतीन भलतीकडंच, चारीकडं उधळलेल्या. प्रत्येक कार्डावर.

मी काळ्या दोऱ्यात जुनीची आणि तांबड्यात नवीची, बरोबर बांधली. गाडीच्या डिकीत ठेवली. शिरोली फाट्यावर चहाला थांबलो.

इथं येऊन मी थांबतो. हीच ती जागा.

चहा पिताना मला काय दिसत होतं सांगू? दीपा दिसत नव्हती. काडतुसं, पदक, काही दिसत नव्हतं. मला आमच्या शॉपमधली माणसं दिसत होती. मास्तर दिसत होते, रायफल पुसताना. आणि शालन दिसत होती, व्हर्नियर हातात धरून — ती काही टोचून बोलली नसती. तिचा तो स्वभावच नव्हता. ती नुसतं म्हणाली असती, जुनी घेऊया. बस, एवढंच. आणि मला ते सहन झालं नसतं. जन्मभर मापात राहिलेल्या टर्नरला ब्लाउज शिवणाऱ्या बायकोनं मापात खोटं पाडावं? माझ्याच व्हर्नियरनं?

मी डिकी उघडली, दोन्ही गठ्ठे काढले, दोऱ्यांच्या गाठी सोडल्या. तांबडा काळ्याच्या जागी बांधला, काळा तांबड्याच्या जागी. एका मिनिटाचं काम. टपरीवाल्यानं विचारलं, "आप्पा, काय बांधताय?" मी म्हणालो, "काय न्हाय, पोरीचं कागद हायती."

शालननं दुपारी उंबऱ्याजवळ उजेडात बसून मोजलं. प्रत्येक कार्ड तीन तीन वेळा. ब्लाउजांची मापं लिहायच्या वहीत दोन रकाने पाडले, तांबडा आणि काळा. मी समोर भिंतीला टेकून बसलो होतो. बघत होतो तिच्याकडं. भोकाच्या कडेला जबडा अलगद टेकवायची, दाबायची नाही, कारण कागद दबतो आणि माप खोटं येतं. आमच्या शॉपमध्ये पंधरा वर्षं काढलेली माणसं असं मोजत नव्हती. मला त्या वेळीही तिचं कौतुक वाटलं, हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का? लाज वाटत होती आणि कौतुकही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

मोजून झालं तेव्हा तिनं दोन्ही रकान्यांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "माझ्या मनात जुनी हुती. काल रात्रीपासनं जुनीच मनात हुती. पर मनाचं काय खरं हाय? माप म्हनतंय नवी, तर नवी." आणि माझ्याकडं बघून हसली. "तुमचा डोळा खराच हाय की वो."

निळी रायफल आणली. काडतुसांचे पैसे त्यातच गेले. सर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, कार्डं बघितलीत ना?" मी म्हणालो, बघितली. ते माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, बरं. पुढं चारसहा महिन्यांत त्यांना पुण्याला नोकरी लागली, ते गेले. मास्तरांची रायफल सांगलीच्या एका पोरीनं घेतली.

दीपा तीन वर्षं त्या रायफलीवर मारत होती. मारायची कशी ती! रेंजवरची माणसं सांगायची, श्वास धरते तेव्हा दगड होते ही. दहा, दहा, दहा, आणि मध्येच एक आठ. कुठनं आला, कळायचं नाही. काडतूस बदललं. दुसऱ्या कंपनीचं आणलं, तिसऱ्या आणलं. मीच आणून द्यायचो, म्हणायचो, बघ हे मानवतंय का. मला माहीत होतं त्या नळीला काहीच मानवणार नाही. एका रविवारी मी नळीचं तोंड भिंगातनं बघितलं, तर एका बाजूला कड झिजलेली. सफाईची सळई कुणीतरी वाकडी घालत आलं असणार. गोळी बाहेर पडतानाच ढकलली जात होती. कुठल्याही बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं असतं तर त्यानं एका दिवसात सांगितलं असतं. मी भिंग पुसून खिशात ठेवलं.

आणि शालन? शालनचा स्वतःच्या मापावर विश्वास होता. का नसावा? तिचं माप कधी चुकलेलं नव्हतं, वीस वर्षांत एक ब्लाउज उसवायला परत आला नव्हता. ती दीपाला बोलायची. "रायफल चांगली हाय, म्या सोता मोजलीया. तुझंच ध्यान उडतंय." रोज सकाळी गच्चीवर तिला रायफल धरून उभी करायची, अर्धा अर्धा तास, हलायचं नाही. पोरगीचा खांदा सुजायचा. शालन हळद लावायची आणि पुन्हा उभी करायची. स्वतः शेजारी उभी राहायची, पोरगी उभी आहे तोवर ही बसायची नाही. एकदा मी म्हणालो, असू दे की, किती छळतीस. तर म्हणाली, "तुमी मधी पडू नगा. साधन चांगलं दिलंया, आता हात चांगला करायचा."

राज्याच्या निवडीत दीपा दोन गुणांनी हुकली. शेवटच्या दहात एक आठ. घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, माझाच हात वाईट आहे गं. शालन तिच्या केसांतनं हात फिरवत राहिली, पण नाही म्हणाली नाही. खोटं बोलून समजूत घालायची सवय नव्हती तिला. मी डबा उचलला आणि शिरोलीला गेलो.

रायफल विकली. पोरगीनं शिक्षण पुरं केलं, लग्न झालं. वारणानगरला शाळेत खेळाची शिक्षिका आहे ती, सुखात आहे. तिच्याही पोरी मारतात, साध्या हवेच्या रायफलीवर. मागं एकदा मी तिच्या शाळेत गेलो होतो तेव्हा ती त्यांना सांगत होती, हत्याराला दोष द्यायचा नाही, आपला हात बघायचा. मागच्या बाकावर बसून मी हे ऐकलं.

हे सगळं मी गिळून बसलो असतो. बसलोच होतो, अकरा वर्षं. पण शालनचं शेवटचं दुखणं. घरीच होती. दीपा रजा काढून आलेली. दुपारची वेळ, मी कॉटच्या कडेला बसून मोसंबी सोलत होतो. शालननं दीपाचा हात धरला. आवाज राहिला नव्हता तिला, तरी म्हणाली, "दीपे, मी तुला लई बोलले बाई. गच्चीवर उभी करायची. तुझा खांदा सुजायचा. मला आता ते सारखं दिसतंय. माझंच चुकलं असंल."

दीपा म्हणाली, "आई, काय काढलंस आता? माझा हातच तेवढा होता."

"न्हाय. हात तुझा चांगला हुता. मीच दुष्ट हुते."

दोघी रडायला लागल्या. एकमेकींची माफी मागत होत्या — माझ्या गाठीची. आणि मी काय करत होतो? मोसंबीच्या फोडीवरची शीर काढत होतो. पांढरी, बारीक, एकेक. इतकी स्वच्छ मोसंबी मी जन्मात सोलली नाही. तोंड उघडायला किती लागलं असतं? चार शब्द. दोरे मी बदलले होते. एवढेच. तिच्या कानात म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती माझ्यावर चिडली असती, तोंड फिरवलं असतं, पण हलकी होऊन गेली असती. आठ दिवस होते माझ्याकडं त्यानंतर. आठ दिवस रोज मी तिला मोसंबीचा रस पाजला. तिचं तोंड पुसलं. लोक म्हणायचे, आप्पा किती करतोय बायकोचं.

स्वतःला दुष्ट म्हणत गेली ती. जिच्या हातून जन्मात एक माप वाकडं पडलं नाही ती.

परवा तिचा बटणांचा डबा उघडला. तळाला ती कार्डं होती, दहाच्या दहा, दोन दोऱ्यांत. वही पण होती. ठेवली होती तिनं. माझं व्हर्नियर काढलं, उंबऱ्याजवळ उजेडात बसलो, ती बसायची तिथंच, आणि एकेक कार्ड दोऱ्यातनं ओढून तीन तीन वेळा मोजलं आणि परत सरकवलं.  मग वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितलं. तांबड्या रकान्यात तिनं लिहिलेलं, आणि तांबड्या दोऱ्यातली कार्डं. काळ्या रकान्यात लिहिलेलं, आणि काळ्यातली. केसाचा फरक नाही. एकाही कार्डावर नाही.

गाठी सुटत नव्हत्या, दोरा आवळून बसला होता, तरी नखानं सोडवल्या. काळा दोरा जुनीच्या कार्डांना बांधला, तांबडा नवीच्या. जसे शालननं बांधायला सांगितले होते तसे.

रविवारी दीपा येणार आहे. डबा मी मशीनवर काढून ठेवला आहे, आणि वही उघडी. शालनच्या आकड्यांखाली जागा होती, तिथं मी माझ्या हातानं लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, दीपाला दारातनंच वाचता यावं म्हणून —

आईचं माप बरोबर आहे. दोरे मी बदलले होते.